विंग कमांडर काका, तुमचे आभार राहिलेत

काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक जा" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, ताराबाई पार्कात ज्यांना कळायचं त्यांना कळंल. आणि पोरगी सध्या कुठं हाय तेही लिहीत नाही, ते तर तुम्हीच दम देऊन सांगितलंय.

मी शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला माणूस. फौज आपल्याकडं नवी नाही, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं अख्खं गाव हाय, टेंबलाईला टीएची (टेरिटोरियल आर्मीची) बटालियन हाय, पण हे सगळं जमिनीवरचं. एअरफोर्स म्हणजे आमच्या लेखी २६ जानेवारीला टीव्हीवर दिसणारी विमानं, बास. आणि आमची पोरगी म्हणते फायटर उडवणार. २०१६ ला अवनी चतुर्वेदी, भावना कांथ आणि मोहना सिंग या तिघी पहिल्यांदा फायटरला आल्या, त्यांचा पेपरातला फोटो तिनं शाळेत असल्यापासनं कपाटाच्या दाराला आतनं चिकटवलेला, मला पत्ता नाही.

तेव्हा जो तो येऊन "जगात भारी, नाद खुळा" करून जायचा. तुम्ही स्वतः फायटर उडवलेले, एकटेच असे निघालात की आधी टेप मागितला. पोरीला भिंतीला टेकून बसवलं, पाय मोजले, मांडी मोजली, बसून उंची मोजली. पाय ९९ सेंटीमीटरपेक्षा कमी चालत नाही, बसून उंची ९६ च्या वर चालत नाही, आणि मांडी ६४ च्या वर गेली तर इजेक्ट होताना, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकलं जाताना, गुडघे समोरच्या पॅनलला धडकून फुटतात. हे तुम्ही इतक्या थंडपणे सांगितलंत की आमची मंडळी हातातली कपबशी तशीच घेऊन आत गेली. पण मला ते आवडलं काका. माप आधी, स्वप्न नंतर, आमच्या धंद्यात तसंच चालतं.

मग ते ९ जीचं, म्हणजे विमान जोरात वळवताना अंगावर नऊपट वजन येतं ते. साठ किलोचा माणूस पाचशे चाळीस किलोचा होतो, रक्त डोक्यातनं पायाकडं पळतं, आधी रंग जातात, मग कडेनं अंधार, मग समोरचंही दिसंनासं होतं आणि त्यापुढं शुद्धच जाते, विमान आपलं पळतंयच. जी-सूट मांड्या-पोटऱ्या-पोट आवळतो पण तेवढ्यानं भागत नाही, पाय नि पोट स्वतः दगडासारखं घट्ट करून तीन-तीन सेकंदांनी झटक्यात श्वास घ्यायचा, तो तुम्ही तिच्याकडनं व्हरांड्यात करून घ्यायचा आणि शेजारचे बघत राहायचे. पाय आणि मान तयार पाहिजे म्हणून तुम्ही तिला बैठका मारायला लावल्या, ते तर कोल्हापुरात कुणाला वेगळं सांगायलाच नको.

पण खरे आभार या गोष्टींचे नाहीत. तुम्ही आम्हाला फायटर पायलटचं आयुष्य जसं हाय तसं सांगितलं, त्याचे आहेत. उड्डाण पाऊण तासाचं पण त्याच्या आधीचं ब्रीफिंग आणि नंतरचं डीब्रीफिंग मिळून सकाळ जाते, आणि डीब्रीफिंगला रँक बाहेर ठेवायची, कालचा फ्लाईंग ऑफिसरही सांगू शकतो की सर तुम्ही इथं चुकलात. चाळिशीनंतर कॉकपिट कमी आणि टेबल जास्त. मुलींना शॉर्ट सर्व्हिसमध्ये (ठरावीक मुदतीच्या नोकरीत) चौदा वर्षं, त्याच्यापुढचा विचार आत्ताच करून ठेव, हेही तुम्हीच म्हणालात. दोन-तीन वर्षांनी बदली, पोरांच्या शाळा, सामानाच्या पेट्या. काकूंनी मंडळींना स्वयंपाकघरात बसवून सांगितलं की तेजपूरला तुम्ही नव्या पोरांना मिग-२१ शिकवायला होता तेव्हा विमान पडल्याची बातमी आली की सगळ्या बायका दारात उभ्या राहायच्या, ऑफिसरची गाडी कुणाच्या दारात थांबते ते बघत. त्यादिवशी मंडळी घरी येऊन काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, जाऊ दे तिला, आता मला माहीत हाय कशाला जाऊ दे म्हणतेय ते.

तुमच्या इजेक्शनचं तर तुम्ही दोन वाक्यात उरकलंत. टेकऑफनंतर घार इंजिनात गेली, इंजिन बंद, हँडल ओढलं, संपलं. ती सीट रॉकेटनं माणसाला इतक्या जोरात वर फेकते की पाठीचा कणा दबतो, हे नंतर पोरीनं वाचून सांगितलं. तेव्हा मला कळलं की उजळाईवाडीला जाताना रस्त्याकडेला कुणी कोंबडीची घाण टाकलेली दिसली की तुम्ही गाडी थांबवून भांडता ते का. (लोकांनो, विमानतळाच्या जवळपास खरंच टाकू नका, घारी तिथं त्याच्यासाठीच येतात.)

मैसूरला एअरफोर्सच्या निवड बोर्डाला जायच्या आधी बाकीचे सांगत होते हे वाच ते वाच. तुम्ही म्हणालात झोप. पायलटची ती मशीनवरची टेस्ट जन्मात एकदाच देता येते, त्यात गेलं की पायलटचा दरवाजा कायमचा बंद, आणि तिचा अभ्यास करता येत नाही, हात-पाय-डोळे एकत्र चालतात का एवढंच बघतात, मग जागरण करून काय करणार. पोरगी झोपली. आम्ही दोघं जागे.

पास झाली, बंगळूरचं मेडिकल झालं, दुंडीगलला एअरफोर्सच्या अकादमीत गेली, पिलाटस या शिकायच्या विमानावर सोलो मारला, म्हणजे एकटीनं उडवलं, तेव्हा फोन आधी तुम्हाला आणि मग बापाला, चालतंय. पण पहिल्या टप्प्यानंतर स्ट्रीम वाटतात, म्हणजे कुणी काय उडवायचं ते ठरवतात, फायटरवाले पुढं बिदरच्या हॉक जेटकडं जातात, हिला हेलिकॉप्टर मिळालं. रात्री फोनवर नुसती रडत होती, मला काय बोलावं सुचंना, मी स्कूटर काढून तुमच्याकडं आलो आणि फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही तिला समजावलंबिमजावलं काही नाही. तुम्ही विचारलंत, "मी इजेक्ट होऊन शेतात पडलो होतो तेव्हा मला उचलायला काय आलं होतं माहितीय का?" तिकडनं काही आवाज नाही. "चेतक हेलिकॉप्टर आलं होतं. माझ्याच वयाचा पोरगा होता, एवढ्याशा जागेत उतरवलं त्यानं. मला आजपण त्याचं नाव पाठ हाय, माझ्या स्क्वाड्रनमधल्या निम्म्यांची विसरलो." मग म्हणालात, "उद्या किती वाजता रिपोर्टिंग?"

ती आता उडवते. मस्त उडवते असं तिचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, मी बाप, मला काय कळतंय.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, १९६३ पासनं उडत होतं, तुम्ही आमच्याकडंच टीव्ही बघायला आला होता. मला वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही उतरणाऱ्या विमानाकडं बघून "थोडं फास्ट आला बघ" एवढंच म्हणालात. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर स्पीडनं उतरणारं विमान, त्यातपण तुम्हाला फास्ट दिसलं.

तर काका, दिवाळीनंतर तिला सुट्टी मिळायचं चिन्ह हाय. तांबडा-पांढरा आमच्याकडं, तुम्ही आणि काकू दोघांनी यायचं. तुमच्या पाठीला आमचा सोफा चालत नाही हे कारण यावेळी ऐकणार नाही, लाकडी उंच खुर्ची आणून ठेवलीय. आणि तिला रात्रीच्या उड्डाणाबद्दल काहीतरी विचारायचंय म्हणे, मला सांगत नाही, तुमच्यासाठीच ठेवलंय.

तुमचा,
फाउंड्रीवाला