हर्मीस हा कळलाव्या नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी ग्रीक देवांची ओळख करून देताना हर्मीसला ‘ग्रीकांचा नारद’ म्हटले असून, इकडच्या गोष्टी तिकडे सांगणारा आणि चोरांचा देव एवढीच त्याची माहिती दिली आहे. (नारदमुनींवरही कळलावेपणाचा शिक्का मारणे अन्यायाचेच आहे, पण तो विषय वेगळा.) चोरांचा देव हे खरेच आहे. जन्मला त्याच दिवशी त्याने पाळण्यातून उतरून अपोलो या देवाच्या, आपल्या थोरल्या भावाच्या, पन्नास गाई पळवल्या आणि माग लागू नये म्हणून त्यांना उलट्या पावलांनी चालवत नेले. मात्र इकडचे तिकडे करण्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. तो निरोप्या होता, आणि निरोप दुसऱ्याचा असतो.

हा फरक मला मनाला लागतो, कारण पुण्याच्या पेठांमधून सायकलवर तारा वाटण्यात माझी सारी नोकरी झाली. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली, त्याच्या बऱ्याच आधी मी निवृत्त झालो होतो. नारायण पेठेतल्या एका वाड्यात एकट्या राहणाऱ्या आजींना तार द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी पाणी पिईपर्यंत माझ्याकडे एकटक पाहत राहिल्या आणि मग ‘वाच बाबा’ म्हणाल्या. तार त्यांचा भाऊ गेल्याची होती.

पुढे होमरचे ‘ओडिसी’ हे ग्रीक महाकाव्य वाचताना हाच प्रसंग समोर आला. अडकवून ठेवलेल्या ओडिसियस या वीराला सोडून दे, हा देवांचा राजा झ्यूस याचा हुकूम घेऊन हर्मीस समुद्रापारच्या बेटावर कॅलिप्सो या अप्सरेकडे जातो. ती आधी त्याच्यापुढे खाणेपिणे ठेवते आणि ते झाल्यावरच तो बोलतो. मी माझ्या इच्छेने आलो नाही, एवढे खारे पाणी ओलांडून आपणहून कोण येईल, असे तो तिला स्पष्ट सांगतो. निरोप कटू आहे हे तो जाणतो, पण त्यात पदरचे काही घालत नाही.

होमरच्याच, ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’मध्ये निरोप पोहोचवण्याचे काम बहुतेक वेळा आयरिस ही देवी करते. हर्मीसच्या वाट्याला तेथे त्याहून अवघड काम आले आहे. अकिलीस या ग्रीक वीराने मारलेल्या आपल्या मुलाचे, हेक्टरचे, प्रेत सोडवून आणण्यासाठी ट्रॉयचा म्हातारा राजा प्रिआम रात्री शत्रूच्या छावणीकडे निघतो, तेव्हा नदीपाशी हर्मीस तरुणाच्या रूपात त्याला भेटतो, त्याला वडिलांच्या नात्याने हाक मारतो, रथाचे लगाम स्वतःच्या हाती घेतो, पहारेकऱ्यांना झोपवतो आणि एरवी तीन माणसांनी मिळून सरकवायचा अडसर एकटा काढून त्याला थेट अकिलीसच्या दारापर्यंत पोहोचवतो. पहाटेआधी त्याला उठवून सुखरूप बाहेर काढणाराही तोच. मेलेल्यांना पाताळापर्यंत सोबत करणारा देव ग्रीकांनी यालाच मानले. वाटेवर, चौकात आणि घराच्या दारात ते त्याचा चेहरा कोरलेले चौकोनी दगडी खांब उभारत. इ. स. पू. ४१५ मध्ये सिसिलीच्या मोहिमेवर आरमार निघण्याच्या तोंडावर एका रात्रीत अथेन्समधल्या अशा खांबांचे चेहरे कोणीतरी फोडले, तेव्हा तो भयंकर अपशकुन मानून सारे शहर हादरले.

रोमन लोकांचा मर्क्युरी तो हाच. तेथे व्यापाऱ्यांनी त्याला आपला देव मानले आणि इ. स. पू. ४९५ मध्ये रोममध्ये त्याचे मंदिर झाले. त्याच्याच नावाचा ग्रह म्हणजे आपला बुध आणि रोमन पंचांगात त्याचा वार म्हणजे आपला बुधवार, तेव्हा बुधवार पेठेतून रोज जाणाऱ्या मुलांना ही ओळख सहज पटली असती.

आणखी एक चूक. मजकुराबरोबरच्या चित्रातील दोन साप आणि पंख असलेल्या काठीला ‘वैद्यकाची खूण’ म्हटले आहे. ती हर्मीसची, म्हणजे निरोप्याची काठी आहे. ती हाती असलेल्या दूताच्या अंगाला हात लावायचा नाही, असा ग्रीकांचा दंडक होता. वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस, त्याच्या काठीला पंख नाहीत आणि साप एकच. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात तीच आहे. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये दोन सापांची काठी स्वीकारली आणि तिथून हा घोटाळा फार फैलावला.

पुढच्या रविवारी ही दुरुस्ती त्याच पानावर, मुलांच्या नजरेस पडेल अशी छापावी आणि जागा असल्यास प्रिआमची गोष्टही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त तारवाला
सदाशिव पेठ, पुणे