अफू म्हणजे फक्त चिनी अड्डा नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी सिरीजमधल्या नशेवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण सोबतचं चित्र बघून वैताग आला. अंधारी खोली, लालसर दिवा, लांब वेणीवाला चिनी माणूस आडवा पडून नळी ओढतोय. अफू म्हटलं की हेच. शेरलॉक होम्सच्या १८९१ च्या एका गोष्टीत वॉटसन लंडनमधल्या असल्याच अड्ड्यात शिरतो आणि तो अड्डा चालवणारा कोण, तर लस्कर, म्हणजे पूर्वेकडून आलेला खलाशी. दोष सगळा बाहेरच्यांचा. आणि त्याच इंग्लंडात १८६८ चा कायदा येईपर्यंत अफूचा अर्क साध्या दुकानात कुणालाही मिळायचा, खोकल्याला घ्या, पोटदुखीला घ्या, रडकं पोर झोपवायला घ्या. पण साहेबाच्या घरातली ती बाटली पडद्यावर क्वचितच येते.

मला खरं तर याच्याही पुढचं बोलायचंय. नळी चीनमध्ये ओढली जात होती पण माल जात होता आपल्याकडून, आणि त्यातला निम्मा खेळ मुंबईत चालायचा. पाटणा आणि गाझीपूरचा माल ईस्ट इंडिया कंपनीचा स्वतःचा, त्याचा लिलाव कलकत्त्याला. माळव्याचं तसं नव्हतं. इंदूर, उज्जैन, मंदसोर हा सगळा होळकर-शिंद्यांचा मुलूख, तिथल्या शेतकऱ्याला खसखस, म्हणजे अफूचंच झाड, लावू नको असं कंपनी थेट सांगू शकत नव्हती. मग आधी सगळा माल आपणच विकत घेऊन बघितला, ते जमेना, व्यापारी लांबचा वळसा घालून पोर्तुगीजांच्या दमणला माल नेऊन जहाजात चढवायचे. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने सरळ पासच काढले, पेटीमागे पैसे भरा आणि खुशाल मुंबईहून पाठवा!! १८४३ ला सिंध घेतल्यावर कराचीमार्गे चोरून माल न्यायची वाटही बंद झाली आणि मग हा कर चार-पाच वर्षांत सव्वाशे रुपयांवरून चारशेवर नेला. मला विचाराल तर सिरीज काढायला हाच मसाला भारी आहे, त्यात दिवा-नळी काही नसलं तरी चालेल.

१८३९ ला लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून चीनच्या किनाऱ्यावर हुमेनला नष्ट केल्या. मोठमोठे खड्डे खणून पाणी भरलं, त्यात गोळे फोडून टाकले, वरून मीठ आणि चुना, आणि तो रबडा समुद्रात सोडून दिला, तीनेक आठवडे हेच काम चाललं होतं. त्यातला बराच माल मुंबईच्या व्यापाऱ्यांचा होता. त्यावरून इंग्रज आणि चीनचं युद्ध झालं आणि १८४२ च्या तहात हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. (धर्म ही अफूची गोळी हे आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं, पण त्याच मार्क्सने १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात खऱ्याखुऱ्या अफूच्या धंद्यावर लेख लिहिलेत, ते कुणी वाचत नाही.)

आता आपल्या दारातलं. जे.जे. हॉस्पिटल, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, पुण्याचं ससून. सर जमशेटजी जीजीभॉय हे चीनला अफू विकणाऱ्या जार्डिन या ब्रिटिश कंपनीचे मुंबईतले मोठे भागीदार, चीनच्या व्यापारात अफू आणि कापूस यावर त्यांचा पैसा उभा राहिला. नंतरच्या काळात ससून घराणं याच धंद्यात सगळ्यांच्या पुढे गेलं. मारवाडी आणि गुजराती पेढ्याही होत्याच, एकट्या पारशांवर ढकलू नका. हे लिहितोय म्हणजे मी त्यांचे पुतळे हलवा म्हणत नाहीये, दान खरं आहे, लाखो गरिबांना त्या हॉस्पिटलांनी जगवलं. पण हेरिटेज वॉकवाले 'थोर दानशूर व्यापारी' एवढंच सांगून पुढच्या इमारतीकडे वळतात. कसला व्यापार ते सांगायला काय हरकत आहे?

आणि ज्यांच्या वाट्याला दानशूरपणा नाही, नुसती अफूच आली, त्यांच्यावर तर कुणी काहीच बनवत नाही. गिरणीत पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला बाळागोळी द्यायच्या, त्यात अफू असायची. पोर दिवसभर गुंगीत पडून राहायचं, दूध मागायचं नाही, रडायचं नाही. पाळणाघर नव्हतं, खाडा केला तर पगार कापला जायचा, तिने करायचं काय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर बायांनी चाळीचाळीत फिरून हे लिहून ठेवलंय. गोळ्या बाजारात उघड मिळायच्या.

तर विनंती एवढीच की पुरवणीत एकदा मुंबईच्या अफूवर पानभर लेख येऊ द्या. मंदसोर-नीमचला आजही सरकारी परवान्यावर खसखशीच्या बोंडांना चिरा देऊन चीक काढतात, तो औषधांसाठी जातो, तिथे कुणी बातमीदार गेला तर फोटोही मिळतील. आणि चित्रकाराला सांगा, या वेळी नळीऐवजी पेटी काढ.

आपला,
एक नेहमीचा वाचक, ठाणे