जालन्याच्या अँबेसिडरवाल्या चाचांना, पैठणहून

चाचा, सलाम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाहीत हे माहितीय, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की दुकान बंद करायच्या टायमाला हे मोठ्यानं वाचून दाखव. आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहायलोय, कारण आमच्या लाँचचं इंजिन बसलं तेव्हा "भंगारात घाला आता" म्हणणारे लई होते, त्यांच्याही नजरेखालून जाऊ द्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. चाचा म्हणजे जालन्यातले अँबेसिडर गाड्या दुरुस्त करणारे जुने मिस्त्री. आमची एक जुनी लाँच नाथसागरात चालते, जॅकवेलच्या (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीच्या) कामावर माणसं, पाइप, वेल्डिंगचं सामान पोचवायचं. कोकणातून सेकंडहँड आणलेली, पोटात इनबोर्ड डिझेल, चार सिलिंडर. हिवाळ्यापासून सकाळी चालू व्हायला रडायची, पांढरा धूर, आणि आयडलला ठेवली की इंजिनाच्या पुढच्या बाजूनं खळखळ खळखळ, रेस दिली की आवाज दबायचा. ज्याला विचारावं तो म्हणे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बघा. नोझल टेस्ट करून झाले, ठीक निघाले. मग मुंबईच्या एका मरीन वर्कशॉपला व्हिडिओ पाठवला, त्यांनी बरोबर ओळखलं की टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला फिरवणारी साखळी, ढिली झालीय, पण पुढं म्हणाले सामान मिळत नाही, नवीन इंजिन बसवा, आणि जो आकडा सांगितला त्यात दुसरी लाँच आली असती. मरीन म्हटलं की आमच्याकडचे मिस्त्री हात लावत नाहीत, आणि मुंबईवाले हात लावायच्या आधीच मीटर टाकतात, असं सगळं.

तुम्हाला फोटो दाखवला तो भाच्यानं, तेही वेगळ्याच कामाला आला होता तुमच्याकडं. तुम्ही चष्मा वर करून बघितलं आणि म्हणालात, "ये तो अँबेसिडर का डिझेल है मियाँ, इसको पानी में कायकू उतारे?"

आम्हाला वाटलं चाचा मजाक करायलेत. पण खरंच तेच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं जुनं दीड लिटरचं डिझेल, 1489 सीसी, तेच हिंदुस्थान मोटर्सनी आपल्याकडं अँबेसिडरमध्ये बसवलं, आणि तेच तिकडं इंग्लंडमध्ये कालव्यांवरच्या लांबुळक्या बोटींमध्ये घातलेलं असतं. बोटीत घालताना वरून फक्त बाहेरचं पाणी ओढणारा पंप, त्या पाण्यानं इंजिन थंड ठेवणारा हीट एक्स्चेंजर आणि मागं रिव्हर्सचा गिअरबॉक्स लावलेला, आतलं सगळं टॅक्सीवालंच. बरं, अँबेसिडर 2014 ला बंद झाली, तरी तुमच्या माळ्यावर त्याची डबल लायनीची चेन ग्रीस लावून कागदात गुंडाळून पडली होती! तीन सूत पिचची, म्हणजे कडी-कडीत तेवढं अंतर. मी कंपनीत फोन फिरवत बसलो असतो अजून.

एक गोष्ट तुम्ही सांगितली ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे म्हणून लिहितो. या इंजिनात डिझेल पंपालासुद्धा चाल कॅमशाफ्टकडूनच जाते. म्हणजे चेन घासून लांबली की नुसते व्हॉल्व्ह उशिरा उघडत नाहीत, डिझेलही उशिरा पडतं, म्हणून तो पांढरा धूर आणि म्हणून सगळे नोझल नोझल करत होते. बाहेरून पंप थोडा फिरवून टायमिंग पुढं घेता येतं, धूर कमी होतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, पण चेन तशीच ढिली आणि व्हॉल्व्ह तसेच लेट. तुम्हाला हे करून दोन-तीन हजार घेऊन आम्हाला वाटेला लावता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "नक्को, चेन दात कूदी तो बीच तालाब में व्हॉल्व्ह टेढे."

अंबड, पाचोड करत भर एप्रिलच्या उन्हात तुम्ही पैठणला आलात. लाँच काठावर ओढून घेतलेली, उन्हाळ्यात पाणी मागं गेलेलं, सगळा भेगाळलेला गाळ. इंजिनाचं तोंड पुढच्या फळीला इतकं चिकटलेलं की पुलीवर पाना बसेना. कारमध्ये बॉनेट उघडलं की झालं, इथं पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग (गिअरबॉक्सशी असलेला जोड) सोडा, शाफ्ट मागं ढकला, फाउंडेशनचे बोल्ट काढा, चेनपुलीला धरून इंजिन मागं घ्या, तेव्हा कुठं हात जायला जागा झाली. पुलीचा नट, ज्यात पूर्वी हँडल घालून गाडी चालू करायचे तो, त्याच्या वॉशरचा कान छन्नीनं सरळ केला, फ्लायव्हीलच्या दात्यात पोरानं टॉमी अडकवली, आणि तुम्ही रिंग पान्यावर हातोड्याचा एकच दणका दिला. आमची पोरं अजून त्याची नक्कल करतात.

जुनी चेन काढून तुम्ही आडवी धरली आणि ती धनुष्यासारखी वाकली, नवी धरली तर सरळ राहिली, तिथंच सगळ्यांना कळलं. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या रबरात चेनच्या दोन लायनींच्या खाचा पडलेल्या. मी म्हणालो चेनच बदलू ना, चेनचे दोन्ही गिअर, खालचा क्रँकवरचा छोटा आणि वरचा कॅमवरचा मोठा, तर चांगले दिसायलेत, तर तुम्ही खालच्या छोट्या गिअरच्या दातावर नख फिरवायला लावलं. दात एका बाजूनं हुकासारखा झालेला. जुन्या दातांवर नवी चेन टाकली तर ती पण लवकरच लांबते, म्हणून तुम्ही दोन्ही गिअर सोबतच घेऊन आलेला होतात, मला न विचारता. (बिलात लावले, ते बरोबरच आहे.)

आणि ते पट्टीचं! नवे गिअर बसवून तुम्ही दोन्हींवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, आणि तेवढ्याच जाडीचे वॉशर छोट्या गिअरच्या मागं टाकले, का तर दोन्ही गिअर एका लायनीत नसतील तर चेन एका बाजूला घासत राहते. पूर्ण इंजिन खोलणारे लोक बघितलेत मी, पण पट्टी लावणारा एकही नाही. मग दोन्ही गिअरवरचे खुणेचे टिंब समोरासमोर, चेन चढवलेली, दोन्ही एकदमच आत सरकवले, कव्हरला नवं सील, आणि कव्हर लावायच्या आधी क्रँक हातानं दोन फेरे फिरवून टिंब परत समोरासमोर आलेले दाखवले. कॅमचा एक फेरा म्हणजे क्रँकचे दोन, हे आमच्या भाच्याला दहावीच्या मास्तरापेक्षा तुम्ही भारी समजावलं.

एकाच जागी आपलं जमलं नव्हतं. तुम्ही म्हणालात कपलिंग इथंच काठावर आवळून टाकू. मी म्हणालो चाचा, लाँच टेकूंवर असताना तिचं अंग वेगळं असतं, पाण्यात गेली की तळ थोडा हलतो, कपलिंगच्या दोन्ही फ्लँजमधली (तबकड्यांमधली) फट पाण्यात उतरवूनच बघावी लागते, नाहीतर शाफ्ट थरथरतो आणि गिअरबॉक्सचं सील जातं. तुम्ही जिंदगीत लाँचवर पाय ठेवला नव्हता, तरी एका मिनिटात मानलंत, "ये तुम्हारा महकमा है." वयानं, अनुभवानं एवढ्या मोठ्या माणसानं असं म्हणणं, खरं सांगतो, मला त्या पूर्ण कामात सगळ्यात जास्त आवडलं. मग पाण्यात उतरवली, चारी बाजूंनी फिलर फिरवला, पॅकिंगपट्ट्या टाकून जुळवलं, पंपाचं टायमिंग खुणेवर घेतलं, एअर काढली, आणि अर्ध्या सेल्फला चालू.

पैशाचं पण सांगून टाकतो, कारण लोक विचारतील. चाचांनी मजुरी पूर्ण घेतली, जाण्यायेण्याचं घेतलं, चेन-गिअरचे पैसे घेतले, आणि एक रुपया उगाच घेतला नाही. मी वर काही द्यायला गेलो तर रागावले. जेवण मात्र केलं, आणि मासे न घेता पिठलं मागितलं, धरणाच्या काठावर येऊन!

लाँच रोज चालू आहे. आयडलला आता शांत, उलट मागचा रिव्हर्सचा लिव्हर वाजतो तेवढा ऐकू यायला लागला. तुम्ही सांगितल्यासारखं पहिलं ऑइल लवकर बदललं, फिल्टर कापून बघितला, त्यात रबराचे काळे कण निघाले थोडे, धातू नाही. ते जुन्या टेन्शनरचंच असणार ना? की संप (खालची ऑइलची टाकी) काढून जाळी धुवायला पाहिजे? तेवढं नातवाकडून कळवा, म्हणजे पावसाळ्याआधी करून घेतो. आणि माळ्यावरची दुसरी चेन कुणाला देऊ नका, ती माझ्या नावावर लिहून ठेवा, पैसे आधीच पाठवतो.

तुमचा,
पैठणचा लाँचवाला