संस्थेच्या वेबसाइटची किल्ली संस्थेकडेच हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की बेळगाव परिसरात गावोगावच्या मराठी साहित्य संमेलनांची लगबग सुरू होते. कडोली, उचगाव, कुद्रेमानी, येळ्ळूर अशा गावांनी ही परंपरा मोठ्या कष्टाने जपली आहे. मात्र मागच्या एखाद्या संमेलनाध्यक्षांचे भाषण किंवा स्मरणिकेतला लेख आज कुठे वाचायला मिळेल, असे विचारले तर ‘कुणाच्या तरी मोबाइलवर असेल’ असे उत्तर येते. हे साहित्य संस्थांच्या स्वतःच्या वेबसाइटवर असायला हवे आणि ती वेबसाइट संस्थेतल्या माणसांना स्वतः चालवता यायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही पैसे जमवून वेबसाइट करून घेतली. तिचे प्रत्येक पान म्हणजे स्वतंत्र फाइल होती आणि वाचनालयाची वेळ प्रत्येक पानाच्या तळाशी वेगवेगळी टाइप केलेली होती. संध्याकाळची वेळ पाचऐवजी सहा झाली, तेव्हा करून देणाऱ्याने काही पाने बदलली आणि काही राहून गेली. परगावचे वाचक पाचला येऊन बंद दारासमोर थांबू लागले. पुढे ते गृहस्थ नोकरीसाठी बाहेरगावी गेले. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, त्यांच्याच नावावर होते, नूतनीकरणाची रक्कम भरायची राहिली आणि एके दिवशी वेबसाइट बंद पडली. तिच्यावरचे लेख गेले ते गेलेच.

त्यानंतर आम्ही ज्या व्यवस्थेकडे वळलो तिला ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा थोडक्यात सीएमएस म्हणतात. छापखान्यात मजकूर लिहिणारा वेगळा आणि खिळे जुळवणारा वेगळा असे, तशीच इथे विभागणी असते. लेख, तारखा, छायाचित्रांची माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या साठ्यात, राहते, पानाची मांडणी ‘थीम’मध्ये राहते आणि वाचकाने पान उघडले की सीएमएस दोन्ही जुळवून त्याच्यासमोर ठेवते. त्यामुळे वाचनालयाची वेळ एकाच ठिकाणी बदलली की सगळीकडे बदलते. मांडणी नवी केली तरी जुन्या लेखांना हात लावावा लागत नाही.

यातले वर्डप्रेस २००३ साली आले आणि आज जगातल्या सर्वाधिक वेबसाइट त्यावर चालतात. ड्रुपल २००१ चे, जूमला २००५ चे. जूमला हे नाव स्वाहिली भाषेतल्या, ‘सारे मिळून’ अशा अर्थाच्या शब्दावरून घेतले आहे. आपल्या जुन्या जमाखर्चातही एकूण बेरजेला ‘जुमला’च म्हणत. ही तिन्ही सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात, खर्च येतो तो मुख्यतः डोमेन आणि होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट ठेवायला लागणाऱ्या इंटरनेटवरच्या जागेचा. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडता येते, त्यामुळे आमच्या निवृत्त शिक्षकांनाही लेख चढवणे अवघड गेले नाही. ‘काँट्रिब्युटर’ म्हणून नोंदवलेली व्यक्ती लेख लिहू शकते, पण प्रसिद्ध करू शकत नाही. तो अधिकार ‘एडिटर’कडे असतो. कॉलेजात शिकणारी मुले लिहितात आणि ज्येष्ठ सभासद तपासून सोडतात, ही पद्धत संस्थेच्या कामाला फार उपयोगी पडते. दुरुस्तीपूर्वीचा मसुदाही जपून ठेवलेला असतो, चुकून काही पुसले तर तो परत आणता येतो.

सीमाभागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इथल्या संस्थांना सरकारी कामासाठी बरीच माहिती कन्नडमध्येही द्यावी लागते. मराठी आणि कन्नड पाने शेजारी शेजारी ठेवायची सोय ड्रुपल आणि जूमलामध्ये मुळातच आहे, वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळे प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारे जोड-सॉफ्टवेअर, बसवावे लागते. प्लगइन मात्र मोजकेच ठेवावेत आणि वेळच्या वेळी अपडेट करावेत, कारण जुनाट प्लगइनमधूनच बहुधा घुसखोरी होते.

आम्हाला खरा त्रास झाला तो फाँटचा. जुन्या स्मरणिका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, फाँटमध्ये टाइप केलेल्या होत्या. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला तेव्हा ‘बेळगाव’च्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग उमटली. कारण त्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, तर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरप्रणालीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक वापरूनही जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावे लागले. एका स्मरणिकेला आमचे तीन रविवार गेले. स्मरणिकेची नुसती स्कॅन केलेली पीडीएफ चढवणे सोपे असते, पण तशा पीडीएफमधला मजकूर चित्रासारखाच राहतो आणि नावाने शोधला तर सहसा सापडत नाही.

सर्व वाचनालये, मराठी शाळा आणि संमेलन समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे की डोमेन व होस्टिंग संस्थेच्या नावे आणि संस्थेच्याच ईमेलवर घ्यावे. ‘अ‍ॅडमिन’चा पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि कार्यकारिणी बदलताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तोही नव्या कार्यवाहांच्या हाती देऊन बदलून घ्यावा. दर महिन्याला पूर्ण बॅकअप काढून पेनड्राइव्हवर वाचनालयात ठेवावा. यंदाच्या स्मरणिका अजून छपाईला जायच्या आहेत. डीटीपीवाल्यांना काम सोपवतानाच मजकुराची युनिकोडमधली फाइलही द्यावी लागेल, असे त्यांना सांगून ठेवावे.

आपला,
एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह,
बेळगाव तालुका