बिलावर म्हापसा, भाजी बेळगावची: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या हॉटेलांनी इथल्या शेतकऱ्यांचा आणि मच्छीमारांचा माल घ्यावा म्हणून पावसाळ्याआधी परिपत्रक काढू, असा शब्द आपण भर बैठकीत दिला होता. परिपत्रक निघालं. कामाची ओळ त्यात एकच: ‘शक्य तिथे स्थानिक पुरवठादारांना प्राधान्य द्यावे.’ शेतकरी हा शब्द त्यात नाही, मच्छीमार हाही नाही.

हॉटेलचा परचेस विभाग पुरवठादार कुठला ते बिलावरच्या पत्त्यावरून ठरवतो. बेळगावात रात्री भरलेला ट्रक चोर्ला घाट उतरतो, पहाटे म्हापशाच्या गोदामात क्रेट लागतात आणि सकाळी त्याच कोबी-टोमॅटोचं बिल म्हापशाच्या पत्त्याने फाटतं. आपल्या परिपत्रकाने तो माल स्थानिक झाला. बेळगावच्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. तोही राबतो, आणि गोव्यातल्या घराघरात त्याचीच भाजी शिजते. पण ती गोव्याची आहे असं सांगून हॉटेलने पर्यटकाला फसवू नये आणि सरकारने त्यावर शिक्का मारू नये.

माल पिकला कुठे, हे बिलावर यायला हवं. भाजीच्या बिलावर शेतकऱ्याला सरकारकडून मिळणाऱ्या कृषी कार्डाचा नंबर, गाव, तोडणीची तारीख आणि वजन. मासळीच्या बिलावर जेटीचं नाव (मालीम, शापोरा, खारीवाडा, कुटबण, जी असेल ती), होडी की ट्रॉलर, आणि मासळी उतरवल्याची तारीख. दर महिन्याला हॉटेलने या बिलांचा हिशेब द्यावा, आणि तो किलोत द्यावा, रुपयांत नको. रुपयांत मोजलं की काजूगर आणि फेणीच्या दोन खरेद्यांत टक्केवारी भरते आणि भाजीचा ट्रक आहे तसाच चालू राहतो.

आता हॉटेलच्या मागच्या गेटवर काय होतं ते ऐका. तांबडी भाजी (लाल माठ) पहाटे पाचला उपटतात, मुळांची माती धुतात, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. माल घेण्याची वेळ दहानंतरची. आधी मोठ्या व्हेंडरचे टेम्पो रिकामे होतात. आमची पाळी येईपर्यंत बारा वाजतात. पान पातळ, उन्हात पाणी झपाट्याने सोडतं. स्टोअरवाला वरची जुडी उचलतो, देठ वाकतो, आणि सगळा क्रेट परत जातो. भाजी वाईट नसते. ती सात तास ताटकळलेली असते. पालेभाजीसाठी सकाळी सात ते आठ ही वेळ राखून ठेवायला कुठल्याही हॉटेलला एक पैसा लागत नाही.

क्रेट गेटच्या आत गेला तरी कागद अडवतो. ‘एफएसएसएआय नंबर द्या, जीएसटी नंबर द्या, मग व्हेंडर कोड मिळेल.’ म्हणजे आधी अन्नपरवाना आणि कर नोंदणी, मग हॉटेलच्या पुरवठादार यादीतला नंबर. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६, याचं कलम १८, पोटकलम ३ आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा वाचावं. शेतकऱ्याचं शेतावरचं पीक आणि मच्छीमाराची मासेमारी या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. स्वतः कसलेल्या जमिनीतला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २३ मध्ये लिहिलं आहे. कायद्याने न मागितलेला कागद हॉटेल मागतं, कारण त्यांच्या संगणकात तो रकाना रिकामा सोडता येत नाही. कृषी कार्डावर व्हेंडर कोड द्या, एवढं एक वाक्य परिपत्रकात असतं तरी अर्धं काम झालं असतं.

मग पैसे. साठ दिवस, नव्वद दिवस. छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असा कायदा २००६ पासून आहे. त्याचा आधार घ्यायला ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी लागते, आणि शेती व मासेमारीला ती मिळत नाही. म्हणजे हॉटेलला टिश्यू पेपर पुरवणारा छोटा कारखाना दाद मागू शकतो, भेंडी पुरवणारी बाई मागू शकत नाही. ती दर आठवड्याला मजुरी रोख देते, मग नव्वद दिवस थांबायचं कशाच्या जोरावर? नाशवंत मालाचं बिल सात दिवसांत, ही अट घालायला आपल्याला कोणी अडवलं होतं?

‘तुमचा माल सतत मिळत नाही,’ ही हॉटेलांची तक्रार खरी आहे. पण माल सतत यायला मागणी आधी कळावी लागते. तांबडी भाजी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत येते, भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी, कलिंगडाला अडीच-तीन महिने लागतात. मिरचीचं रोप वाफ्यातच महिनाभर असतं. नाताळची ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली तर ती फक्त बेळगावच पुरी करणार. तीच ऑर्डर गणेश चवथीपर्यंत हातात आली, ‘२० डिसेंबर ते ५ जानेवारी, रोज ४० किलो भेंडी’ अशी लेखी, तर चार गावांत वाफे वाटून, दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरणी करून ती पुरवता येते. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या बाजारात इथल्या मळ्यांतून आणि रानांतून काय काय येतं ते आपण दर वर्षी बघता.

मासळीत तर हॉटेलं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत आहेत. इसवण (सुरमई) साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास पहिल्यांदा अंड्यावर येतं. बँक्वेटला मात्र प्लेटीत मावणारी गोल तुकडी हवी, म्हणून किलो-दीड किलोचं मागतात. अंडी घालायच्या आधीच ते तव्यावर जातं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांतही मेन्यूवर इसवण असतंच. ते फ्रीझरमधलं आहे की दुसऱ्या किनाऱ्यावरचं, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. बांगडा-तारले का घेत नाही विचारलं तर ‘टिकत नाही’ म्हणतात. किलोला किलो बर्फ, थराथरात, आणि पेटीला खाली भोक, म्हणजे वितळलेलं पाणी साचत नाही. एवढं केलं तर टिकतात. बांगडा ४ अंशांच्या वर राहिला की त्यात हिस्टामीन होतं आणि ते शिजवूनही जात नाही, म्हणून थर्मामीटर खुपसणारा शेफ बरोबरच आहे. चूक आहे ती लहान धक्क्यांवर बर्फ नसण्यात. मासळीला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याच्या २०१८ च्या आरोपांनंतर तरी तिथे बर्फाची सोय व्हायला हवी होती.

हे सगळं भाजी-मासळीपुरतं नाही, साहेब. खाजन शेतात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतात, कोरगुट भात होतं, खारं पाणी सोसणारं. त्याला गिऱ्हाईक नाही म्हणून बांधावर मातीची पाटी टाकायला माणूस नाही. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी कुजली की भरतीचं पाणी आत शिरतं, आणि खारवलेलं शेत पुढची काही वर्षं पडीक. पडीक शेत बघून दलाल येतो. जमीन रूपांतराचे अर्ज येतात, २०२४ साली नगरनियोजन कायद्यात ३९अ कलम घालून त्यांना आणखी एक वाट करून दिली. त्या शेतावर उद्या हॉटेल उभं राहील आणि त्याची भाजी रात्री चोर्ला घाटातून येईल. एक खातं पर्यटकांची डोकी मोजतं, दुसरं रोपं वाटतं, तिसरं जमिनीचा झोन बदलतं. तिघांची बसायची जागा पणजीत, आणि एकाचा कागद दुसऱ्याला माहीत नाही. याची किंमत आम्ही किती वर्षं भरायची?

परिपत्रक मागे घ्या आणि नवं काढा. पिकल्या गावाची व्याख्या, कृषी कार्डावर व्हेंडर कोड, सात दिवसांत पैसे, चवथीपर्यंत लेखी ऑर्डर, लहान इसवणाला बंदी. तारीख घालून काढा. वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाचं, बी आम्ही चवथ झाल्यावर भरतो. किती भरायचं ते त्याआधी कळलं पाहिजे.

आपले,
गोव्यात भाजी पिकवणारे आणि मासळी पुरवणारे आम्ही काही जण