कमी जाहिरात घ्या म्हणणाऱ्या ताईंना

रेडिओ केंद्राच्या जाहिरात विभागातल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार तुम्हाला फोनवरही मानता आले असते. पण घरून थेट विक्री करणाऱ्या इतर बायकांनाही तुमचं म्हणणं कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमच्या कामात पहिली गिऱ्हाइकं म्हणजे नातेवाईक, शेजारणी, मैत्रिणी. ही ओळखीची माणसं संपली की पुढे कोणाकडे जायचं, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. मी त्याच वळणावर तुमच्याकडे आले होते.

तुम्ही माझी उत्पादनांची यादी बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "ऐकणाऱ्यानं जाहिरात संपल्यावर काय करावं?" फोन करून प्रात्यक्षिकाची वेळ ठरवावी, एवढंच मला हवं होतं. मग जाहिरात तेवढ्यासाठीच लिहिली गेली. 30 सेकंदांत समजेल अशा गतीनं बोलायचं तर साधारण 60 ते 70 शब्द बसतात, हे तुम्ही घड्याळ लावून दाखवलंत. एकच वस्तू, तिनं सुटणारी एकच अडचण आणि फोन नंबर. ऐकणाऱ्याचे हात कामात गुंतलेले असतात, लिहून घ्यायला जवळ काही नसतं, म्हणून नंबर शेवटी आणि दोनदा. 1922 साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावर घरांची जाहिरात तब्बल 10 मिनिटं चालली होती, हेही तुमच्याकडूनच कळलं. आता एवढा वेळ कोण ऐकणार!

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती तुमची पुढची गोष्ट. लोक कामावर जाता-येतानाच्या वेळेला श्रोते जास्त आणि दरही जास्त. ती वेळ तुम्ही मला सहज विकू शकला असतात. त्याऐवजी तुम्ही विचारलंत, "फोन कोण घेणार?" घेणारी मी एकटीच, आणि सकाळ-संध्याकाळ माझे हात घरकामात. उचलला न गेलेला फोन म्हणजे वाया गेलेला पैसा, असं म्हणून तुम्ही दुपारचा कार्यक्रम सुचवलात. आठवड्यातले मोजकेच दिवस, पण कार्यक्रम तोच, म्हणजे त्याच श्रोत्यांच्या कानावर नाव पुन्हा पुन्हा पडेल. जाहिरातीसाठी वेगळा नंबर ठेवायलाही सांगितलंत. त्यामुळे कोणता फोन रेडिओमुळे आला, हे मला नेमकं कळतं. स्वतःची विक्री कमी करून दुसऱ्याचं भलं पाहणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

'घरबसल्या भरघोस कमाई' हे वाक्य जाहिरातीत घालावं, असा आग्रह माझ्या विक्रेत्या बायकांच्या गटातल्या काहींनी धरला होता. ज्याची खात्री देता येत नाही ते प्रसारित होणार नाही, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. मी ज्या कंपनीच्या वस्तू विकते तिची नोकरदार नाही, स्वतंत्र विक्रेती आहे, त्यामुळे तिचं नाव वापरायची लेखी परवानगीही आधी मागवून घेतलीत. माझी पत तुम्ही माझ्याइतकीच जपलीत, ताई.

आणि आवाज माझाच ठेवलात, त्याबद्दल वेगळे आभार. फोन करणाऱ्या बायका पहिल्याच वाक्याला विचारतात, "रेडिओवर बोलता त्या तुम्हीच ना?" मग ओळख करून द्यावी लागत नाही, थेट कामाचं बोलणं सुरू होतं.

तुमची कृतज्ञ,
एक घरगुती विक्रेती