सगळ्यांचा श्वास वीस

भुसावळ
आखाजीनंतरचा चौथा दिवस

प्रिय सुमे,

तुला व्हॉइस नोटच पाठवणार होते, पण ती सहा मिनिटांची झाली आणि मधेच लाईट गेली, पंखा बंद, माझं डोकंही बंद, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. ऊन असं आहे की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तू तिकडे मँचेस्टरला स्वेटर घालून हे वाचशील आणि हसशील. हस बाई हस.

मागच्या फोनवर तू म्हणालीस ना, "अजून बेडचे कोपरे पंचेचाळीस अंशात दुमडायलाच शिकवता का गं पोरींना?", ते मला चांगलंच लागलं. कारण आमच्या नर्सिंग कॉलेजात अजून शिकवतोच. कोपरा चुकला तर मार्कही कापतो. पण या वर्षी थोडं वेगळं काहीतरी झालंय आणि ते तुला सोडून कोणाला सांगणार, घरी सांगितलं तर हे म्हणतात जेवताना रक्ताबिक्ताचं नको.

आधी डमीची गोष्ट. २०२१-२२ पासून बीएस्सी नर्सिंगला सेमिस्टर पॅटर्न आला आणि सिम्युलेशनचे तास आले, तेव्हा आमच्याकडेही लॅब झाली. एसी आहे, दारावर बोर्ड आहे, आत मोठी डमी आहे जी श्वास घेते आणि म्हणे डोळेही मिचकावते. म्हणे असं लिहितेय कारण मी ते इन्स्पेक्शनच्या दिवशी एकदाच पाहिलं. एरवी ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुलपात असते, किल्ली स्टोअरवाल्यांकडे आणि स्टोअरवाले रजेवर. खराब होईल म्हणून वापरायची नाही, लग्नातल्या पैठणीसारखं. तुला आपली हॉस्टेलच्या वेळची अ‍ॅन आठवते का, सीपीआरवाली, एक हात निखळलेली? परवा पोरींना तिच्या चेहऱ्याची गोष्ट सांगितली. नॉर्वेच्या एका खेळणी बनवणाऱ्याने, लारडालने, १९६० मध्ये ती बनवली आणि चेहरा घेतला पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून, असं सांगतात. एक पोरगी लगेच म्हणाली, "म्हणजे मॅडम, जिला कोणी वाचवलं नाही तिलाच आपण रोज वाचवतो." मी गप्पच झाले.

तर डमी मिळेना, मग मी घरून बीट उकडून लाल पाणी नेलं. मोजपात्र, पॅड, एक जुनी सुती साडी (आपल्याकडे बाळंतपणाला घरून तीच आणतात ना). साडीत किती, पॅडवर किती, फरशीवर किती, ओतून ठेवलं आणि म्हटलं डोळ्यांनी बघून मिली सांगा. साडीत ८०० होतं. पोरी म्हणाल्या १५०, २००, एकीने घाबरत ४०० म्हटलं. आमच्या एक सिनियर मॅडम, लेबर रूममध्ये वीस वर्षं घालवलेल्या, त्या म्हणाल्या ३००. मग त्यांनी ओतलं आणि ओळखायची पाळी माझी. मी ३५० म्हटलं, होतं ७००. रक्त जितकं जास्त तितका अंदाज कमी पडतो हे पुस्तकात वाचलं होतं गं, पण स्वतःचा आकडा निम्मा निघाला ना तेव्हा पोटात गोळा आला.

तुला कळलंच असेल मला काय आठवलं. २००८ चा मे, मी ग्रामीण रुग्णालयात नाईटला एकटी, पहाटे दोनला नॉर्मल डिलिव्हरी झाली आणि मी केसपेपरवर लिहिलं, ब्लीडिंग नॉर्मल. नॉर्मल म्हणजे काय ते मला कोणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. मग ती बाई म्हणाली, "सिस्टर, माले थंडी वाजी राहिनी." मे महिन्यात, जळगाव जिल्ह्यात, लाईट गेलेली, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा, आणि तिला थंडी. मी काय केलं? चादर दिली. वर अजून एक चादर दिली. साडीखाली किती साचलंय ते उचलून बघितलं तेव्हा चार वाजत आले होते. धुळ्याला पाठवली, वाचली ती, पण मी सकाळी हॉस्टेलच्या फोनवर तुझ्याशी बोलताना नुसती रडत होते, तू म्हणत होतीस अगं वाचली ना, वाचली ना. त्यानंतर सोळा-सतरा वर्षं मी पोरींना पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव, शिकवलं, कारणं चार, उपचार सात, पण ही चादरीची गोष्ट एकदाही सांगितली नव्हती. या वेळी बिटाच्या पाण्यासमोर उभं राहून सांगितली.

मग वाचत गेले तर कळलं की याच्यावरचा उपाय कधीचाच निघालाय, आणि कुठे, तर आपल्या बेळगावात! बाळंतिणीच्या खाली अंथरायचं प्लॅस्टिक, पुढे निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलीच्या रेघा. रक्त थेट पिशवीत, आकडा वाचायचा, बस. तिथल्या मिसोप्रोस्टॉलच्या (हा रक्तस्राव टाळायची गोळी) अभ्यासात हीच पिशवी वापरली होती. त्यात १६२० बाया होत्या, घरी नाहीतर उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या, आणि गोळी द्यायला कोण होतं तर आपल्या एएनएम, उपकेंद्रातल्या नर्सबाई. पीपीएचचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आणि २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथल्या ८० हॉस्पिटलांचा अभ्यास आला. तिथेही रेघांची पिशवी, आणि आकडा हाताबाहेर जायच्या आत गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन आणि ट्रॅनेक्झॅमिक ही रक्त थांबवायची औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच, एक करून बघू मग दुसरं करू असं नाही. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून पुढे पोट उघडायची वेळ येणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच झालेल्या जवळपास निम्म्या बायकांचं ते लक्षातच येत नव्हतं. म्हणजे मी एकटी नव्हते सुमे. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पोरींनी साध्या प्लॅस्टिकवर मार्करने रेघा मारून पिशव्या केल्यात, पेशंटला नाही लावत, घाबरू नकोस, नुसत्या सरावाला.

आता श्वासाचं. तू त्या न्यूज स्कोअरबद्दल (श्वास, नाडी वगैरेंना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते ओळखायचं) सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा होता. एक दिवस पोस्टिंगवर गेले आणि वॉर्डातले सगळे टीपीआर (टेंपरेचर, नाडी, श्वास) चार्ट काढून बघितले. अठ्ठावीस पेशंट. सव्वीस जणांचा श्वास वीस. उरलेले दोघे बावीस, ते ऑक्सिजनवर होते! आपणही हेच केलंय ना गं, नाडी मोजायची, टेंपरेचर लावायचं आणि श्वास आपला वीस, डोळे मिटून वीस. तुमच्याकडे २०१२ पासून तो स्कोअर आहे, त्यात श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त झाला की त्या एकाच गोष्टीचे तीन गुण आणि डॉक्टरला लगेच बोलवायचं, आणि आपल्याकडे तो आकडा मोजतच नाहीत. म्हणून मी चाळीस पानी केअर प्लॅनच्या फाईलला सुट्टी दिली (एकीचं सगळ्या उतरवतात, वाचतं कोण) आणि सांगितलं की रोज पाच पेशंट, पूर्ण एक मिनिट, मनगट धरून नाडीचं नाटक करायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण पेशंटला कळलं की श्वास मोजतायत तर तो लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो. पहिल्या आठवड्यात पोरी कंटाळल्या. दुसऱ्या आठवड्यात आकडे यायला लागले, १४, १७, २६, ३०.

पण आकडा मिळाला तर सांगायचा कसा? तिथे खरी गाडी अडली. एसबार शिकवलं, म्हणजे डॉक्टरला पेशंटची अवस्था चार वाक्यांत सांगायची रीत, अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरून हॉस्पिटलात आलेली पद्धत म्हणे, मी त्याचं मराठी केलं: काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला काय पाहिजे. पहिली दोन वाक्यं पोरी फाडफाड बोलतात. तिसऱ्याला गाडी बंद. "मला वाटतं" म्हणताच येत नाही! तीन-चार वर्षं आपण त्यांना फक्त "येस सिस्टर, नो सर" शिकवतो आणि मग म्हणतो कॉन्फिडन्स नाही. आमच्या एका सरांना झोपेतून उठवलेल्या चिडक्या डॉक्टरची भूमिका दिली, त्यांनी ती इतकी मनापासून केली की दोघी रडल्या. तरी रोज चहाच्या आधी दहा मिनिटं तेच.

आणि मग खरंच तसं झालं. आमच्याकडे धडगावकडची एक पावरा पोरगी आहे, वर्गात तोंड उघडत नाही. इव्हिनिंग पोस्टिंग, अकरा नंबरला तिच्याच भागातली सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलगी, अंगदुखीसाठी अ‍ॅडमिट. २०२३ मध्ये सिकलसेलचं मिशन सुरू झालं, तपासण्या झाल्या, पण दुखतंय म्हटलं की इंजेक्शन आणि झोप, इतकंच वॉर्डाला माहीत. आमची पोरगी तिच्याशी पावरीत बोलली तेव्हा कळलं अंग नाही, छाती दुखतेय. श्वास मोजला, ३४. चार्टवर काय? वीस. ऑक्सिजन ९०. इनचार्ज सिस्टर दुसऱ्या टोकाला रक्त लावत होत्या, तर हिने सरळ फोन उचलला. "सर, मी स्टुडंट बोलतेय, बेड अकरा, सिकलसेल, सकाळपासून ताप, छातीत दुखतंय, श्वास चौतीस, मला वाटतं छातीतलंच काहीतरी आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा." डॉक्टर कुरकुरत आले, पण आले. ऑक्सिजन लागला, एक्स-रे झाला, रात्रीच मेडिकल कॉलेजला पाठवली, पंधरा दिवसांनी मुलगी घरी गेली.

आणि आमच्या पोरीला काय मिळालं? बोलणी. स्टुडंटने डायरेक्ट कॉल द्यायचा नसतो, हे कुठून शिकलीस, उद्यापासून ओपीडीला बस. कॉलेजमध्ये तक्रार आली, मला बोलावून विचारलं की तुम्ही मुलींना काय शिकवताय. मला राग आला, पण सिस्टरचा नाही आला, खरं सांगते. चाळीस बेडला त्या एकट्या, पुढे काही झालं असतं तर सही त्यांची. राग कोणाचा आला ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी मी त्या पोरीला तुझ्या एनआयसीयूची, नवजात बाळांच्या आयसीयूची, गोष्ट सांगितली. १९५६, इंग्लंडमधलं रॉचफर्ड हॉस्पिटल, वॉर्ड नावाच्या सिस्टर दिवस कमी भरलेल्या बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात न्यायच्या. एकदा राउंडला त्यांनी भीतभीतच एक बाळ दाखवलं, सगळं अंग फिकं आणि एकच त्रिकोण गर्द पिवळा. डॉक्टर म्हणाले, सिस्टर हे काय फासलंत, आयोडीन? त्या म्हणाल्या, नाही, तिथे चादरीचा कोपरा होता, बाकीच्या अंगाचा पिवळेपणा उन्हाने गेलाय. दोन वर्षांनी लॅन्सेटमध्ये फोटोथेरपीचा, म्हणजे उजेडाने बाळाची कावीळ उतरवायचा, पेपर आला, पेपरवर नावं तिघा डॉक्टरांची. पोरीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, त्यांना ओपीडीला बसवलं का?" सांग, काय उत्तर देऊ?

हे सगळं वाचून मी हवेत गेलेय असं समजू नको. उत्तर प्रदेशात बाळंतपणाची चेकलिस्ट दिली होती, सोबत येऊन शिकवायला माणसं दिली, दीड लाखाच्या वर बाळंतपणं पाहिली, सिस्टर लोकांची कामाची पद्धत खरंच सुधारली, पण आई आणि बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. २०१७ ला ते छापून आलं, मी दोनदा वाचलं. माझ्या बिटाच्या पाण्याने काय होणार, असं रात्री वाटतं. सकाळी परत बीट उकडायला टाकते.

तू एक काम कर. तुमचा ड्यूटी बदलताना ओव्हर द्यायचा कोरा कागद असतो ना, पेशंटचं नाव वगैरे काही नसलेला, छापील, त्याचा फोटो पाठव. आणि तुमच्याकडे स्टुडंटने थेट कॉल दिला तर काय करतात ते लिही, मला कॉलेजात दाखवायचंय. बिबडे तयार आहेत, तुझ्या भाच्याबरोबर पाठवते, तळताना खिडकी उघडी ठेव नाहीतर मागच्यासारखा अलार्म वाजवशील.

आखाजीला चोपड्याला काकूंकडे जाऊन आले. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. आमरस वाढून झाल्यावर पंख्याखाली आडव्या झाल्या तेव्हा मी उगाच मनगट धरून बसले, त्यांना वाटलं पोरगी नाडी बघतेय. पूर्ण मिनिटभर मोजला गं. अठरा.

तुझीच रूममेट,
तीच ती घोरणारी